‘बँक’ : शब्द एक की तीन?

मूळ लेख : शब्दशोध

आमच्या गावातील वाचनालयासाठी मी एक लहान इंग्रजी–मराठी शब्दसंग्रह तयार करीत आहे. काम ‘बँक’ या शब्दापाशी अडले आहे. सोबत काम करणाऱ्या मंडळींचा आग्रह आहे की या शब्दाच्या तीन स्वतंत्र नोंदी कराव्यात : एक नदीच्या काठासाठी, एक वल्ह्यांच्या किंवा विजेच्या बटणांच्या रांगेसाठी आणि एक पैशाच्या व्यवहारासाठी. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातही या नोंदी वेगवेगळ्याच आहेत, हे मला मान्य आहे. तरीही हा मुळात एकच शब्द आहे आणि तो तसाच दाखवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

त्यामागचे कारण सांगतो. जर्मानिक भाषांच्या पूर्वजभाषेत उंचवटा, कड, बसण्याजोगी लांबट फळी अशा अर्थांचा एक शब्द होता. जुन्या इंग्रजीत तो ‘बेंक’ या रूपात आला आणि त्याचाच आजचा ‘बेंच’ झाला. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वस्ती करून राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीत त्याच शब्दाचे भावंड होते आणि त्याचा अर्थ मातीचा उंचवटा किंवा उतार असा होता. इंग्रजीतला नदीकाठ तिथून आला. तिसरी वाट सर्वांत लांबची आहे. हाच जर्मानिक शब्द इटलीत गेला, तेथील सराफ ज्या बाकावर नाणी मांडून बसत त्या बाकाला ‘बांको’ किंवा ‘बांका’ म्हणू लागले, बाकाचे नाव धंद्याला मिळाले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो शब्द फ्रेंचच्या मार्गाने इंग्रजीत पोहोचला. तोपर्यंत फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याची बँक (१३९७) आणि जेनोवाची सान जोर्जो बँक (१४०७) उभ्या राहून बराच काळ लोटला होता; बँक ऑफ इंग्लंड स्थापन व्हायला मात्र १६९४ साल उजाडावे लागले.

म्हणजे नदीचा काठ, न्यायाधीशांचे ‘बेंच’ आणि आपले बचत खाते ही एकाच घरातील भावंडे आहेत. मुलांना तीन तुटक अर्थ पाठ करायला लावण्याऐवजी ही एक गोष्ट सांगितली, तर तिन्ही अर्थ आयुष्यभर लक्षात राहतील. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद : वर्गशिक्षिका

आपण दिलेला इतिहास मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. शब्द एक की अनेक हे ठरवण्याची कसोटी त्याचे कूळ ही नव्हे, तर बोलणाऱ्याच्या मनात ते अर्थ जोडलेले आहेत की नाहीत, ही आहे. नदीकाठी उभ्या असलेल्या कोणत्याही इंग्रजी भाषकाला तेथे सराफाचे बाक आठवत नाही. भाषाविज्ञानाच्या प्राथमिक पुस्तकांत उच्चार एक आणि शब्द भिन्न याचे नेहमीचे उदाहरण म्हणून ‘बँक’च दिलेला असतो, तो यामुळेच.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. इंग्रजीत कानाला ‘इअर’ म्हणतात आणि धान्याच्या कणसालाही ‘इअर’च म्हणतात. कणीस ताटाला कानासारखे चिकटलेले असते म्हणून ते नाव पडले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते आणि त्यांची मुळेही वेगळी आहेत. आपल्या नियमाप्रमाणे, लोकांच्या मनात जोडलेले हे दोन अर्थ तोडावे लागतील आणि लोकांच्या मनात तुटलेले ‘बँक’चे अर्थ जोडावे लागतील. जिवंत भाषेचा कोश असा भाषकाच्या जाणिवेविरुद्ध रचता येईल का?

प्रतिसाद : गोंयकार

मी शब्दशोध यांच्या बाजूने आहे. त्यांनी इटलीपर्यंत जाण्याची गरज नव्हती, कारण पुरावा आपल्या शाळेतच आहे. मराठी शाळेतील मुले ज्या ‘बाकां’वर बसतात तो बाक पोर्तुगीज ‘बांको’चाच मराठी अवतार आहे. म्हणजे आपल्याकडे हे कूळ दोनदा आले : आधी पोर्तुगीजांच्या मार्फत बसण्यासाठी आणि नंतर इंग्रजांच्या मार्फत पैसे ठेवण्यासाठी.

पोर्तुगीजमध्ये आजही बसायचा बाक ‘बांको’, पैशाची बँक ‘बांको’ आणि पाण्यात साचलेला वाळूचा दांडाही ‘बांको’च, फक्त त्याला ‘वाळूचा बांको’ म्हणतात. गोव्यात १९६१ पूर्वी ज्या संस्थेच्या नोटा चालत असत तिचे नाव ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनो’ होते. त्या काळी कोणा गोंयकाराने चर्चमधल्या ‘बांका’वर बसून हातातल्या नोटेवरचा ‘बांको’ वाचला असेल, तर त्याला दोन्हींतले साम्य जाणवले नसेल, असे मला म्हणवत नाही. भाषकाची जाणीव ही कसोटी मानायची, तर कोणत्या भाषेचा भाषक, हेही सांगावे लागेल.

प्रतिसाद : वर्गशिक्षिका

बाकाचा मुद्दा आपण काढलात, याचा मला आनंद झाला, कारण तो माझ्या बाजूचा आहे. मराठीत दोन ‘बाक’ आहेत. एक आपण सांगितलेला, वर्गातला. दुसरा ‘पाठीला बाक आला’ यातला, ज्यावरून आपण ‘बाकदार’ म्हणतो. तो संस्कृत ‘वक्र’च्या कुळातला. पोर्तुगालहून आलेल्या बाकावर वाकून बसल्याने पाठीला संस्कृतकडून आलेला बाक येतो, आणि बोलताना आपला क्षणभरही गोंधळ होत नाही. हे दोन बाक आपण एका नोंदीत घालाल का?

प्रतिसाद : शब्दशोध

नाही, घालणार नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. दोन ‘बाक’ हा निव्वळ योगायोग आहे. दोन अनोळखी माणसे एकाच नावाची निघावीत, तसा. ‘बँक’ची गोष्ट तशी नाही. तेथे एकच माणूस तीन दारांनी घरात आला आहे. कोशाने हा फरक दाखवला नाही, तर योगायोग आणि नाते यांत वाचकाला भेद करता येणार नाही.

शिवाय उंचवटा आणि बसण्याची जागा हे अर्थ आपण समजतो तितके दूर गेलेले नाहीत. नदीच्या दरीत पायरीसारख्या सपाट जागा असतात, त्यांना इंग्रजीत ‘बेंच’ म्हणतात, आणि उघड्या खाणीत पायऱ्या पाडून खोदकाम करतात तेव्हा त्या प्रत्येक पायरीलाही ‘बेंच’च म्हणतात. चंद्रपूर भागात कोळशाच्या खाणीवर काम केलेल्या कोणालाही हा शब्द परका नाही. मातीचा टप्पा आणि बसायची फळी यांचे नाते तिथे डोळ्यांना दिसते.

प्रतिसाद : अनुवादक

मी इतका वेळ फक्त वाचत होतो, पण ‘एकच माणूस तीन दारांनी’ हे वाक्य मला स्वीकारता येत नाही. एका मुळातून निघालेले शब्द म्हणजे एकच शब्द नव्हे. इंग्रजीतील ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ एकाच जर्मानिक शब्दाची रूपे आहेत; पहिले देशी, दुसरे स्कँडिनेव्हियन, म्हणजे अगदी ‘बेंच’ आणि नदीची ‘बँक’ यांच्यासारखीच जोडी. ते एकच वस्त्र आहे, असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे तर याहून चांगले उदाहरण आहे. ‘भक्त’ आणि ‘भात’ हे दोन्ही एकाच संस्कृत शब्दातून आले आहेत. वाटून दिलेला, म्हणून अन्न, म्हणून शिजवलेला तांदूळ, अशी भाताची वाटचाल झाली, तर भक्ताची वाट भजण्याकडे गेली. मराठी कोशात हे दोन शब्द एका नोंदीत घालण्याची सूचना कोणी केली, तर शब्दशोध स्वतःच तिला विरोध करतील, अशी माझी खात्री आहे.

जर्मन भाषेने तर निवाडाच दिला आहे. तेथे बाक आणि पैशाची बँक या दोघांना एकवचनात ‘बांक’ म्हणतात, लिंगही एकच. पण अनेकवचन करताना बाके ‘बेंके’ होतात आणि बँका ‘बांकेन’ होतात. भाषकांनी आपल्या व्याकरणात भिंत घातली आहे. ती पाडण्याचा अधिकार व्युत्पत्तीला नाही.

अनुवाद करणाऱ्याला तर ही भिंत रोज लागते. ‘रक्तपेढी’ हा शब्द घ्या. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात १९३७ मध्ये डॉ. बर्नार्ड फँटस यांनी साठवलेल्या रक्ताच्या व्यवस्थेला ‘ब्लड बँक’ म्हटले. त्यांच्या डोळ्यांसमोर ठेव आणि उचल करण्याची बँक होती, नदीकाठ नव्हे. मराठी अनुवादकाने हे अचूक ओळखले आणि ‘पेढी’ वापरली. पुढे ‘नेत्रपेढी’ही झाली. नोंद एकच असती आणि तिच्यात ‘काठ, रांग, पेढी’ असे शब्द एका ओळीत असते, तर नवख्या अनुवादकाने काय केले असते, याचा विचार व्हावा.

प्रतिसाद : गोंयकार

‘भक्त–भात’ला माझ्याकडे उत्तर नाही, ते उदाहरण चोख आहे. मात्र ‘पेढी’ या शब्दाकडेच थोडे थांबून पाहावे, अशी विनंती आहे. तो ‘पीठिका’वरून आला, म्हणजे मुळात बसण्याचे आसन. सराफ जिथे बसतो ती पेढी, आणि मग त्याचा धंदा म्हणजे पेढी. ग्रीसमध्ये आजही बँकेला ‘त्रापेझा’ म्हणतात आणि तो मूळचा टेबलाचा शब्द आहे. इटलीत बाक, ग्रीसमध्ये टेबल, आपल्याकडे पीठ. नाणी मोजणाऱ्या माणसाच्या पुढ्यातले किंवा बुडाखालचे लाकूड तीन ठिकाणी आपापल्या वाटेने पैशाच्या संस्थेचे नाव झाले आहे. अनुवादकाने ‘ब्लड बँक’साठी ‘पेढी’ निवडली, तेव्हा नकळत का होईना, पण आसनाच्या जागी आसनच ठेवले. ही गोष्ट कोशात कुठेच येणार नसेल, तर तो कोश माझ्या दृष्टीने अपुरा आहे.

प्रतिसाद : वर्गशिक्षिका

ती गोष्ट यावी, याला माझा विरोध कधीच नव्हता. तिने नोंदींची संख्या ठरवू नये, एवढेच मी म्हणते. एक सावधगिरी मात्र सुचवते. मुलांना गोष्टी सांगताना ‘बँकरप्ट’ हा शब्द हमखास येतो आणि ‘दिवाळे निघालेल्या सराफाचे बाक लोक भर बाजारात फोडत’ अशी कथा सांगितली जाते. इटालियन ‘बांका रोत्ता’ म्हणजे ‘मोडलेला बाक’ हे खरे. पण आपणही ‘धंदा मोडला’, ‘पेढी बुडाली’ असे म्हणतो, तेव्हा कोणी हातोडा उचललेला नसतो किंवा पेढी पाण्यात ढकललेली नसते. मोडणे तेथे लाक्षणिक असू शकते. व्युत्पत्तीची गोडी लावताना पुराव्यापलीकडची कथा तथ्य म्हणून मुलांच्या हाती देऊ नये.

प्रतिसाद : शब्दशोध

‘शर्ट–स्कर्ट’ आणि ‘भक्त–भात’ या दोन जोड्यांनी माझा मूळ दावा ढासळला आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. रूप एक आणि मूळ एक असूनही शब्द वेगळे असू शकतात, हे मला जर्मन अनेकवचनाने पटवले. बाक फोडण्याची कथा माझ्या टिपणात होती, ती काढून टाकली आहे.

आता नोंदी तीन राहतील. पहिली : काठ, दरड, उंचवटा, विमान वळताना एका अंगावर कलते त्यासाठीचे क्रियापदही येथेच, कारण ते उतारावरून आले आहे. दुसरी : रांग, ओळ, ही जुन्या फ्रेंचमधून आली, वल्हेकऱ्यांच्या बाकांवरून. तिसरी : बँक, पेढी, साठा, ‘विसंबणे’ या अर्थाचे क्रियापद हिच्यात, कारण ज्या पेढीत ठेव ठेवायची तिच्यावर आपण विसंबतो. तिन्हींच्या शेवटी बाणाची खूण करून ‘बेंच’कडे वाचकाला पाठवीन आणि कुळाची सगळी हकिकत ‘बेंच’खाली देईन, कारण या घरात जुन्या इंग्रजीपासून सलग राहिलेले रूप तेच आहे. मराठी ‘बाक’ही तेथेच येईल, वर्गातला.

प्रतिसाद : अनुवादक

दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीबद्दल समाधान आहे. पहिलीत ‘दरड’ हा शब्द ‘काठ’च्या आधी घ्यावा, असे सुचवतो. ‘काठ’ आपण विहिरीला, भांड्याला आणि लुगड्यालाही लावतो. पाण्याने कापलेली मातीची उभी कड ‘दरड’ या एकाच शब्दात नेमकी येते, आणि तो जुना स्कँडिनेव्हियन शब्दही मातीच्या उंचवट्याचाच होता.