डीएनडीच्या टेबलवर पाच जण आणि पाच वेगळे गेम, काय करू?

मिऱ्यावरचा:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (डीएनडी, एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायची, जमलं की नाही ते फाशावर) ग्रुप आहे, फिफ्थ एडिशन, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. दर रविवारी चारला आमच्या माडीवर, सात सेशन झाली. गोष्ट आपल्याकडचीच घेतली, खाडी, जलदुर्ग, जकातीवरून दोन घराण्यांचं वाकडं, गलबतातून काहीतरी चोरटं येतंय असं. महिनाभर बसून नकाशा काढला, भरती ओहोटी पण धरली (ओहोटीलाच भुयाराचं तोंड उघडं पडतं).

आता ऐका. बँकवाला मित्र येतो तोच मारामारीसाठी. परवा चुलत बहीण जकात नाक्यावरच्या शिपायाशी बोलत होती, तिची जादूगारीण म्हणजे बुडालेल्या तांडेलाची मुलगी, बापाचं गलबत शेवटचं कुठल्या बंदरातून सुटलं ते हळूहळू काढून घेत होती, बोलता बोलता तिचा आवाज पण बदललेला, सगळे गप्प, आणि हा म्हणतो "मी कुऱ्हाड घालतो". फासा टाकला, वीस, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा. शिपाई खलास. ती काही बोलली नाही, फासे पिशवीत भरले आणि "पाणी भरायचंय" म्हणून खाली गेली. आमच्याकडे पाणी सकाळी येतं.

मेव्हणा मोबाईलमध्ये असतो, कांदाभजी आली की वर बघतो. उरलेल्या दोघांना कशालाही "चालेल". बँकवाल्याला काढू का? शाळेपासूनचा मित्र आहे हो, आणि इथे नवा प्लेअर आणू कुठून.

नारळाखालचा डीएम:
काढू नकोस. आधी सांग, लेव्हल कशी देतोस? एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मोजून देत असशील तर मग बोलायलाच नको. पुस्तकात साधा गार्ड हरवला की २५, गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसाचे ५०, आणि दुसऱ्या लेव्हलला ३०० लागतात. बहिणीने बोलून माहिती काढली त्याचे किती दिलेस? बँकेतला माणूस आहे, तो बेरीज करणारच. माइलस्टोनवर ये, गोष्ट एका टप्प्याला पोचली की सगळ्यांची लेव्हल एकदम वाढव, डीएमच्या पुस्तकात ती सोय आहेच.

आणि हा गेम १९७४ ला आला तोच मुळात लढायांच्या खेळातून, सैन्याच्या बाहुल्या मांडून खेळायचे त्यातून, त्यामुळे कुऱ्हाडवाला काही परका पाहुणा नाही. अजून एक, शिक्षा म्हणून त्याच्यावर दहा शिपाई सोडू नकोस. मी सोडले होते, गडी अजून खूष, त्याला लढाईच मिळाली.

कुडाळचो:
दशावतार बघितलंस मां कधी? थय लिहिलेले संवाद नसतत. तोंडाक रंग लावच्या आधी आख्यान खयचा आणि कोण काय घेता ता ठरता, मगे जो तो आपल्या मनान बोलता. लढाई पण असता आणि विलाप पण असता, पण कधी काय ता सगळ्यांका म्हायत असता. तुया आख्यान न ठरवताच पडदो उघडलंस. एकान राक्षसाचो रंग लावल्यान, एकीन रडूची तयारी केल्यान, आणि तुजो मेव्हणो भजी खाऊक बसलो. खेळ सुरू करच्या आधी बसान ठरवतत, सेशन झिरो म्हणतत ता ह्याच रे. सात झाली म्हणान काय झाला, आठव्याक बसा.

पडवीतली चेटकीण:
सेशन झिरो मान्य, पण नुसतं गोल बसून "कोणाला काय हवंय" विचारलंस तर आपली माणसं "काही पण चालेल" म्हणणार. आम्ही चिपळूणला हे करून बसलोय, चहा संपला पण उत्तर नाही आलं. मग एकेकाला वेगळं गाठून विचारलं की घरी गेल्यावर कुठला प्रसंग सांगितलास? तेव्हा कळलं. दोघींनी पुरात तराफा ढकलल्याचं सांगितलेलं, आणि ज्या व्हिलनवर मी दोन रात्री घालवल्या त्याचं नाव पण कोणाला आठवेना.

बाकी मला तुझंच चुकलं वाटतं, राग मानू नको. रोल कधी करायचा हे डीएम ठरवतो. त्याने फासा उचलला तेव्हाच "थांब, तिचं होऊ दे" म्हणायचंस, आणि मारायचंच असेल तर आधी इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी कधी ते फाशाने ठरवणं), म्हणजे बाकीच्यांना पण मधे पडायला जागा मिळते. वीस पडले म्हणून झालं, असं नसतं. बँकवाल्याच्या आधी बहिणीशी बोल.

मिऱ्यावरचा:
एक्सपीचं खरंय, तिला शून्य दिले होते. लक्षातच नाही आलं.

बहिणीकडे जाऊन आलो. आधी "काही नाही रे" चाललं, मग म्हणाली शिपाई मेला त्याचं काही नाही, वीस पडल्यावर तू हसलास. मी हसलो होतो. यावर काय बोलणार, सॉरी म्हणून आंबोळ्या खाऊन आलो.

बँकवाल्याला विचारलं घरी काय सांगितलंस, वाटलं कुऱ्हाडीचं सांगेल. तर म्हणे पाणी चढायला लागलं तेव्हा आपण भुयारातून पळालो ते, बायकोला दोनदा सांगितलं. त्यात एकपण मारामारी नव्हती! म्हणजे त्याला धावपळ हवीय, ती मला देता येईल, भरती आहेच.

मेव्हण्याला अजून विचारलेलं नाही. रविवारी भजी खालीच ठेवायला सांगणार आहे आईला, बघू वर बघतो का.