टीव्ही लपवणारे मोटरचे कपाट आतून कसे चालते?

घरकुल_पुणे

नमस्कार. पुण्यातील आमच्या सदनिकेचे नूतनीकरण चालू आहे. दिवाणखान्यात टीव्हीसाठी उरलेली एकमेव भिंत खिडकीची आहे, आणि खिडकीबाहेरचा गुलमोहर टीव्हीमागे कायमचा झाकला जावा हे घरात कोणालाही मान्य नाही. म्हणून खिडकीखाली बुटके कपाट करावे, ५५ इंची टीव्ही त्यात उतरवून ठेवावा आणि पाहायच्या वेळी बटण दाबून वर आणावा, असे इंटिरिअर डेकोरेटरने सुचवले आहे. कल्पना आवडली, परंतु आत काय घडते ते समजल्याशिवाय एवढा खर्च करणे आम्हाला पटत नाही. मोटर इतके वजन कशी उचलते, वर गेलेला टीव्ही कशाच्या आधाराने थांबतो, मध्येच वीज गेली तर तो खाली आपटतो का, आणि घरात लहान नातू असल्याने झाकणात बोटे सापडण्याचा धोका किती, हे कोणी उलगडून सांगेल का? यंत्रणा तयार घेऊन कपाट आमच्या नेहमीच्या सुताराकडून करून घेतले तर चालेल का?

यंत्रविचार

आपल्या प्रश्नातील वजन उचलण्याचा भाग वाटतो त्यापेक्षा बराच सोपा आहे. ५५ इंची एलईडी टीव्हीचे वजन साधारण १५ ते १८ किलो असते. मागची लोखंडी चौकट आणि झाकण धरून एकूण २५ किलो समजू. हे वजन ७५ सेंटिमीटर वर न्यायला सुमारे १८५ ज्यूल ऊर्जा लागते, आणि ते काम २५ सेकंदांत केले तर प्रत्यक्ष उचलण्यासाठी फक्त सात-साडेसात वॉट पुरतात. घर्षण आणि मोटरमधील ऱ्हास मिळवला तरी ४० ते ६० वॉटची छोटी डीसी मोटर हे काम आरामात करते. बहुतेक यंत्रणा २४ व्होल्टवर चालतात. भिंतीतल्या २३० व्होल्टचे रूपांतर नियंत्रण पेटीत होते.

मोटर वेगाने फिरते, गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात आणि त्या जोराने एक उभा, आट्यांचा लांब स्क्रू फिरू लागतो. स्क्रूवर बसवलेल्या नटाला फिरायला वाव नसल्यामुळे तो स्क्रूवरून वर किंवा खाली सरकतो, आणि टीव्ही धरणारी चौकट या नटालाच जोडलेली असते. वर गेलेला टीव्ही तिथे का थांबतो, याचे उत्तरही या आट्यांतच आहे. त्यांचा चढ मुद्दाम इतका मंद ठेवतात की टीव्हीचे वजन नटाला कितीही खाली दाबत असले तरी घर्षणामुळे ते स्क्रूला उलटे फिरवू शकत नाही. त्यामुळे वीज गेली तर टीव्ही असेल त्या उंचीवर उभा राहतो. खाली यायलाही त्याला मोटरच लागते. या सुरक्षिततेची किंमत म्हणून निम्म्याहून अधिक ऊर्जा घर्षणात जाते, पण दिवसातून चार वेळा अर्धा मिनीट चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तिचा विचार करण्याचे कारण नाही. पट्ट्यावर किंवा बॉल स्क्रूवर (आट्यांत फिरणारे छर्रे असल्याने घर्षण फार कमी असलेल्या स्क्रूवर) चालणाऱ्या यंत्रणांना मात्र हा गुण आपोआप मिळत नाही, त्यांना वेगळा ब्रेक लागतो. खरेदीपूर्वी एवढे अवश्य विचारून घ्यावे.

खरी कसोटी असते ती टीव्ही सरळ ठेवण्याची. ५५ इंची टीव्ही १२३ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. मधोमध एकच खांब असला तर तो आणि त्याच्या सरक्या चांगल्याच भक्कम असाव्या लागतात, नाहीतर वर गेलेला टीव्ही हात लागताच डुलतो. दोन बाजूंना दोन खांब असतील तर प्रत्येकाच्या मोटरमधील हॉल सेन्सर फेऱ्या मोजतो, आणि एक खांब पुढे गेला की नियंत्रण पेटी त्याचा वेग कमी करून दुसऱ्याला बरोबरीस आणते. वरच्या आणि खालच्या टोकाला लिमिट स्विच असतात. चौकट त्यांच्यापर्यंत पोहोचली की मोटरचा प्रवाह तुटतो.

रंधा_पटाशी

आमचा फर्निचरचा कारखाना आहे, म्हणून सुताराच्या बाजूने लिहितो. नेहमीचा सुतार हे काम निश्चित करू शकेल, मात्र यंत्रणा हातात येईपर्यंत त्याने प्लायला करवत लावू नये. प्रत्येक यंत्रणेचा पाया, उंची आणि खोली वेगळी असते. आपल्या टीव्हीची उंची स्टँडशिवाय ७१ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे तळ आणि झाकण धरून कपाट ८५ ते ९० सेंटिमीटर उंच होईल. आधी खिडकीची बैठक जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजा. कपाट तिच्यापेक्षा उंच झाले तर टीव्ही लपेल, पण गुलमोहराचा खालचा भाग कपाटामागे जाईल.

झाकण दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात ते मागच्या बाजूला बिजागरीवर असते आणि वर येणारी चौकट एका चाकाने ते उघडत नेते. दुसऱ्यात ते टीव्हीच्या माथ्यावरच बसवलेले असते आणि त्याच्याबरोबर वर-खाली होते. पहिले दिसायला नीटस असते, पण उघडे झाकण मागे जाण्यासाठी खिडकीच्या बाजूला जागा सोडावी लागते. आपल्या खिडकीला आत उघडणारी दारे किंवा जाड पडदे असतील तर मी दुसरा प्रकारच सुचवेन.

झाकणाच्या चारही बाजूंना किमान तीन-चार मिलिमीटर फट ठेवावी, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात बसलेले झाकण आषाढात अडकते. खिडकीखालची जागा ओलीची असते, तेव्हा तिथे आयएस ७१० दर्जाचा मरीन प्लायच वापरावा. यंत्रणा बसवताना खांब ओळंब्यात आणि तळ पाणसळीत आहे याची खात्री होईपर्यंत बोल्ट पूर्ण आवळू नयेत. खांब किंचित तिरका राहिला तरी प्रत्येक फेरीत सरक्या घासतात आणि आवाज वाढत जातो. खिडकीमुळे मागून हात घालता येणार नाही, म्हणून पुढची फळी स्क्रू काढून सोडवता येईल अशीच करा.

घरकुल_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. खिडकीची बैठक ९० सेंटिमीटरवर आहे, म्हणजे कपाट बसेल. मात्र मग टीव्ही पाहताना फार उंच होणार नाही का? आणि नातवाच्या बोटांचा प्रश्न राहिलाच.

वीजजोडणी

कपाट ९० सेंटिमीटर धरले तर पडद्याचा मध्य सुमारे १२५ सेंटिमीटरवर येईल. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे एक मीटरच्या थोडे वर असतात. अडीच मीटर अंतरावरून हा फरक जेमतेम पाच अंशांचा होतो, त्याने मान दुखणार नाही. मला अधिक काळजी उजेडाची वाटते. दिवसा टीव्हीमागे लख्ख खिडकी असेल तर डोळ्यांवर ताण येईल, तेव्हा जाड पडद्याची सोय याच वेळी करून ठेवा.

बोटांविषयी: चांगल्या नियंत्रण पेट्या मोटरने घेतलेल्या प्रवाहावर लक्ष ठेवतात. खाली येताना काही आड आले की मोटरवरचा भार वाढतो, प्रवाह चढतो, पेटी मोटर थांबवते आणि झाकण थोडे मागे घेते. पण हा भार वाढेपर्यंत बोट दाबले गेलेले असते आणि लहान मुलाचे बोट फार नाजूक असते, म्हणून केवळ या सोयीवर विसंबू नये. बटण दाबून धरले असेपर्यंतच टीव्ही खाली येईल आणि सोडताच थांबेल, अशी रचना निवडावी आणि ते बटण नातवाच्या हाताबाहेर, पण कपाट समोर दिसेल अशा जागी बसवावे. तुमच्या घरासाठी मी रिमोटपेक्षा हेच पसंत करेन.

वीज परत आल्यावर काही पेट्या खांबांची मोजलेली जागा विसरतात. तेव्हा टीव्ही एकदा अगदी खालपर्यंत नेला की मोजणी पुन्हा जुळते. घरात इन्व्हर्टर असेल तर यंत्रणेची जोडणी त्यावर घेता येईल, भार किरकोळ आहे. कपाटाच्या आत टीव्ही आणि नियंत्रण पेटीसाठी वेगळे, अर्थिंग असलेले सॉकेट द्यावेत आणि त्यांचा स्विच बाहेर, सहज हाताला येईल असा ठेवावा. टीव्हीच्या वायरी ७५ सेंटिमीटरचा प्रवास रोज करणार, त्यामुळे त्या ताणून न बांधता साखळीसारख्या वायरवाहक पट्टीतून न्याव्यात. दीड मीटरची एचडीएमआय वायर इथे अपुरी पडते, तीन मीटरची घ्या. सेट टॉप बॉक्स बंद कपाटात राहणार असेल तर त्याच्या रिमोटचे किरण लाकडातून जाणार नाहीत, म्हणून पुढच्या फळीवर छोटा इन्फ्रारेड डोळा बसवून त्याची तार बॉक्सपर्यंत न्यावी लागेल. बॉक्स तापतो, त्यासाठी तळाशी आणि वरच्या कडेला हवेची जाळी ठेवायला सुताराला आधीच सांगा.