मदत हवी आहे: मिशिगनच्या १३व्या मतदारसंघाची खासदारांची यादी नेमकी कशी लावू?

टिळकवाडीकर:

नमस्कार मंडळी,

बेळगावातल्या आमच्या छोट्या अंकासाठी श्री ठाणेदारांवर लेख लिहायला घेतलाय. चिकोडीचा जन्म, बेळगावचं बालपण, मुंबई विद्यापीठाची एमएस्सी, ॲक्रनची पीएचडी, रासायनिक चाचण्यांच्या प्रयोगशाळांचा धंदा, २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) तिसरा नंबर, आणि जानेवारी २०२३ पासून मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात. हे इकडे सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा उगाळण्यात मला रस नाही. त्यांच्या आधी त्या खुर्चीत कोण कोण बसलं होतं, ते लिहायचंय.

वाटलं, तासाभराचं काम. नावं नि सालं उतरवली की झालं. पण १९५५ पासूनची यादी अशी निघाली:

चार्ल्स डिग्ज (१९५५-८०), जॉर्ज क्रॉकेट (१९८०-९१), बार्बरा-रोझ कॉलिन्स (१९९१-९३), विल्यम फोर्ड (१९९३-९५), लिन रिव्हर्स (१९९५-२००३), कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक (२००३-११), हॅन्सन क्लार्क (२०११-१३), जॉन कॉनियर्स (२०१३-१७), ब्रेंडा जोन्स (२०१८-१९), रशिदा तलैब (२०१९-२३), ठाणेदार.

आता माझं डोकं कुठे चालत नाही ते सांगतो.

कॉलिन्सबाई १९९३ ला इथून गायब होतात, पण हरलेल्या दिसत नाहीत. १९९७ पर्यंत खासदार आहेतच. कॉनियर्स तर १९६५ पासून निवडून येतायत, पण आधी १ नंबर, मग १४ नंबर, आणि शेवटी १३. माणूस तिथेच, शहर तेच डेट्रॉईट, आकडा बदलतोय. आणि २०१८ चं तर विचारूच नका. एकाच दिवशी एकाच मतदारसंघातून जोन्स निवडून आल्या आणि तलैबही. हे कसं?

सगळे डेमोक्रॅट आहेत हे कळलं, तेवढं सोडून बाकी समजावून सांगा. जाणकारांची वाट बघतो.

हुरॉनकाठचा:

तुमच्या यादीत चूक काहीच नाही. तुम्ही आकड्याला गाव समजताय, तेवढंच.

आपल्याकडे बारामती म्हटलं की बारामती. पुनर्रचनेत दोन तालुके इकडचे तिकडे झाले तरी नाव टिकतं. कुलाब्याचं रायगड झालं २००८ च्या पुनर्रचनेनंतर, तेही मोजक्या ठिकाणी. इथे मतदारसंघाला नाव नाही, फक्त नंबर. दर दहा वर्षांनी जनगणना होते, ४३५ जागा राज्यांमध्ये नव्याने वाटल्या जातात, मग प्रत्येक राज्य आपला नकाशा पुन्हा काढतं. मिशिगनला १९६० च्या दशकात १९ जागा होत्या. मग १८, १६, १५, १४ आणि आता १३. प्रत्येक खेपेला नंबर फिरतात.

१९९३ ते २००३ या काळात '१३ नंबर' म्हणजे आमचं ॲन आर्बर आणि आसपासची उपनगरं. डेट्रॉईटशी त्याचा काही संबंध नव्हता. फोर्ड आणि रिव्हर्स ही दोन नावं तुमच्या यादीत उपरी दिसतात ती त्यामुळे. फोर्डही नवखे नव्हते, १९६५ पासून १५ नंबरमधून येत होते. कॉलिन्सबाईंचा डेट्रॉईटचा पट्टा त्याच वेळी १५ नंबर झाला. म्हणजे कॉलिन्स आणि फोर्ड यांनी पाट्यांची अदलाबदल केली म्हणा ना. १९९६ च्या प्रायमरीत कॉलिन्सना किलपॅट्रिकनी हरवलं, आणि २००३ मध्ये त्या भागाला पुन्हा १३ नंबर मिळाला.

लिन रिव्हर्स यांचं वाईट वाटतं. २००२ ला नवा नकाशा आला तेव्हा त्यांना जॉन डिंगेल यांच्यासमोर लढावं लागलं. दोघं विद्यमान, एकाच पक्षाचे, जागा एकच. त्या हरल्या.

टवाळ:

म्हणजे ठाणेदारसाहेबांच्या खुर्चीवर आधी कोण बसलं होतं याचं उत्तर 'खुर्ची कुठे ठेवली होती त्यावर अवलंबून' असं आहे तर.

वकीलबुवा:

२०१८ चं मी सांगतो.

कॉनियर्स यांनी लैंगिक छळाच्या आरोपांनंतर ५ डिसेंबर २०१७ ला राजीनामा दिला. सिनेटच्या रिकाम्या जागेवर अनेक राज्यांत गव्हर्नर तात्पुरता माणूस नेमू शकतो, प्रतिनिधिगृहात ते चालत नाही. तिथे निवडणूकच लागते. गव्हर्नरनी पोटनिवडणूक सरळ नोव्हेंबर २०१८ च्या नियमित निवडणुकीबरोबर लावली. त्यामुळे एकाच मतपत्रिकेवर एकाच जागेसाठी दोन लढती आल्या: एक जुन्या मुदतीच्या उरलेल्या आठवड्यांसाठी, दुसरी जानेवारीपासूनच्या पूर्ण दोन वर्षांसाठी.

खरा निकाल ऑगस्टच्या प्रायमरीतच लागला, कारण रिपब्लिकन पक्षाचा उमेदवारच नव्हता. पोटनिवडणुकीच्या प्रायमरीत जोन्स जिंकल्या. पूर्ण मुदतीच्या प्रायमरीत तलैब जिंकल्या, जेमतेम एक टक्क्याच्या फरकाने. मतदार तेच, दिवस तोच. फरक एवढाच की पोटनिवडणुकीला चार जण उभे होते आणि पूर्ण मुदतीला सहा. त्या जास्तीच्या दोघांत डेट्रॉईटच्या गाजलेल्या महापौरांचे चिरंजीव कोलमन यंग होते. त्यांनी जोन्स यांची मतं खाल्ली असं माझं मत. मतविभागणी आपल्याला काय नवीन आहे?

जोन्स तेव्हा डेट्रॉईट नगर परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि ते पद त्यांना सोडायचं नव्हतं. सभागृहाने हरकत न घेता २९ नोव्हेंबरला शपथ दिली, ३ जानेवारी २०१९ ला मुदत संपली. जेमतेम पाच आठवडे. पण यादीत त्यांची ओळ पूर्ण आहे, ती गाळू नका.

गंमत म्हणजे याच नंबरात हे आधीही झालं होतं. १९८० मध्ये डिग्ज गेल्यावर क्रॉकेट यांनी नोव्हेंबरमध्ये दोन्ही लढती जिंकल्या, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

टिळकवाडीकर:

वकीलबुवा, हुरॉनकाठचा, दोघांचेही आभार. आता कळलं. पण मग लेखात कोणती साखळी धरू? नंबरची, भागाची की माणसांची? आमच्या संपादकांनी दोन पानं दिली आहेत, त्यात फोटोही बसवायचेत.

कावेरी_ब:

भागाची धरा. नंबरची यादी चौकटीत टाका, हौशी लोक वाचतील.

कारण डेट्रॉईटची गोष्ट त्या भागात आहे. डिग्ज हे मिशिगनमधून निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय खासदार. १९५५ च्या जानेवारीत शपथ घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मिसिसिपीत एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खून खटल्याला स्वतः जाऊन बसले. त्या काळात कृष्णवर्णीय माणसाने तिथे जाणं म्हणजे काय, याचा विचार करा. पुढे १९७१ च्या ब्लॅक कॉकसचे, म्हणजे कृष्णवर्णीय खासदारांच्या गटाचे, ते पहिले अध्यक्ष. आणि याच माणसाला १९७८ च्या ऑक्टोबरात कर्मचाऱ्यांच्या पगारातून पैसे वळते केल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं, आणि महिन्याभरात लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं! १९७९ ला सभागृहाने ठपका ठेवला, जून १९८० ला राजीनामा. हे सगळं लिहा. फक्त पहिलं अर्धं लिहिलंत तर तो गौरव अंक होईल.

क्रॉकेट त्यांच्या जागी आले तेव्हा सत्तरी ओलांडलेले. वकील असताना कम्युनिस्ट नेत्यांचा बचाव करताना न्यायालयाच्या अवमानासाठी चार महिने तुरुंगात काढले होते, नंतर स्वतःच न्यायाधीश झाले. मला विचाराल तर अख्ख्या यादीत सगळ्यात दमदार माणूस हाच.

आणि ठाणेदारांच्या विजयाची दुसरी बाजू विसरू नका. २०२२ च्या प्रायमरीत बरेच कृष्णवर्णीय उमेदवार होते, मतं फुटली, ठाणेदार तीस टक्क्यांच्या आतच राहून पुढे आले. डिग्ज यांच्यापासून जवळपास सात दशकं डेट्रॉईटचा कुणी ना कुणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी सभागृहात होता, तो धागा तिथे तुटला. बेळगावला अभिमान वाटला, तिथल्या अनेकांना हळहळ वाटली. दोन्ही एकाच लेखात मावतं.

हुरॉनकाठचा:

कावेरीताईंशी सहमत, पण एक पाचर. भागाची साखळीही अखंड नाही. २०१३ च्या नकाशात क्लार्क यांचा बराच भाग १४ नंबरात गेला, आणि कॉनियर्स यांचा जुना १४ नंबर बराचसा १३ झाला. क्लार्क १४ मधून लढले आणि पडले. (त्यांचे वडील आताच्या बांगलादेशातले. म्हणजे या आकड्यावर बसलेले ठाणेदार हे उपखंडाशी नातं असलेले पहिले नव्हेत.) २०२३ ला पुन्हा उलथापालथ. नवा नकाशा पहिल्यांदाच नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाने काढला, तलैब १२ मध्ये गेल्या, आणि १३ मध्ये डेट्रॉईटच्या मोठ्या भागासोबत हॅमट्रॅमक, हायलंड पार्क आणि श्रीमंत ग्रोस पॉइंट आलं.

एका छोट्या नकाशावर तीन रंग द्या, दोन परिच्छेद वाचतील.

टिळकवाडीकर:

नकाशा काढणारा भाचा आहे, त्याला बसवतो कामाला. भागाची साखळी मजकुरात, नंबरची चौकटीत, असं ठरवलं. कॉनियर्स यांना वेगळा परिच्छेद देतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चार दिवसांत त्यांच्या जयंतीच्या सुट्टीचं विधेयक मांडणारा आणि नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स यांना आपल्या कार्यालयात नोकरी देणारा माणूस चौकटीत कोंबवत नाही.

वकीलबुवा:

चौकट करताना एक बघा. डिग्ज जून १९८० ला गेले, क्रॉकेट नोव्हेंबरात आले. कॉनियर्स डिसेंबर २०१७ ला गेले, जोन्स पुढच्या नोव्हेंबरअखेर आल्या. या दोन ठिकाणी सालं चिकटवून लिहू नका, मध्ये 'जागा रिक्त' अशी ओळ घाला. दुसऱ्या खेपेला जवळजवळ वर्षभर तिथल्या लोकांना सभागृहात मतच नव्हतं.