चर्चा: बाँडचा डॉक्टर धाडण्यापेक्षा गावच्या आशा सेविकेच्या हाती सुई द्या

वैनगंगाकाठ:
सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभर सरकारी सेवा करायची, असा बाँड असतो. या बाँडवर आमच्याकडची आरोग्य केंद्रं चालतात, म्हणजे चालतात असं म्हणायचं. पोरगं येतं, दोन महिने गोंडी समजत नाही, पुढं पीजीचा अभ्यास, मग बदलीचे फोन. हा खटाटोप कशाला? शोधग्रामच्या बंग दाम्पत्यानं 1995 पासून गडचिरोलीतल्या 39 गावांत काय केलं ते पाहा. गावचीच थोडी शिकलेली बाई घरी जायची, बाळाला झोळीत घालून वजन करायची, श्वास मोजायची, जंतुसंसर्ग वाटला तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकची सुई टोचायची. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं छापलं. सरकारनं 2011 मध्ये योजना उचलली, आशाताईला सगळ्या गृहभेटींचे मिळून 250 रुपये ठरवले आणि सुई तेवढी गाळली!

रात्रपाळी:
मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफनर्स आहे. बाळाचा न्यूमोनिया आशा ओळखेल, मान्य. मण्यार साप चावलेला माणूस कोण सांभाळन? पावसाळ्यात माणूस जमिनीवर झोपते, पहाटे पोट दुखते म्हणून उठते. सूज नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. घरचे म्हणतात, गॅस झाला असन. मग पापण्या पडतात, थुंकी गिळता येत नाही, शेवटी श्वास. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, दिलं तरी व्हेंटिलेटर लागू शकतो. मागच्या पावसाळ्यात असाच एक आला. श्वासनळीत ट्यूब टाकून 108 अँब्युलन्समध्ये घातला, मी आणि ब्रदर आळीपाळीनं हातानं श्वास द्यायची अँबू बॅग दाबत निघालो. नाल्याला पूर, दीड तास तिथंच. बोटं आखडली, पण सोडता थोडीच येते. वाचला तो. ट्यूब टाकणारा डॉक्टर बाँडवालाच होता, दादा.

वैनगंगाकाठ:
त्या रात्री होता हे नशीब. आता आहे?

रात्रपाळी:
नाही. नागपूरला पीजीला गेला.

मेळघाटी:
आम्हाला आशा आणि नागपूरच्या धरमपेठेला एमडी, हा न्याय कुठला? माझ्या वहिनीच्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ हजर, ऑपरेशन थिएटर हजर, भूलतज्ज्ञाचं पद रिकामं. मग रेफरची चिठ्ठी हातात आणि रात्री सेमाडोहचा घाट उतरून अमरावती. सिझर काय आशा करणार होती? स्वस्तात भागते म्हणून आदिवासी भागात बाईच्याच खांद्यावर सगळं टाकायचं, हे मला तरी दुसऱ्या दर्जाचं आरोग्य वाटतं. तिला मोबदला, पगार नाही, हे वेगळंच.

काळी_माती:
चंद्रपूरला 2015 ला मेडिकल कॉलेज झालं, गोंदियाला 2016 ला. तिथं कोरकू-गोंडी बोलणारी पोरं भरा की. राहतील.

मेळघाटी:
राहतील म्हणता? आमच्या नात्यातलाच एक झाला डॉक्टर. फ्लॅट पाहून राहिला नागपुरात.

काळी_माती:
मग हेमलकशाला 1973 पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे कसे राहिले? बैरागडला कोल्हे दाम्पत्य कसं राहिलं?

रात्रपाळी:
काहून बापा, दर आरोग्य केंद्राला एक आमटे कुठून आणायचे? मला साधा माणूस पाहिजे. पगारासाठी येणारा, रविवारी गावाला जाणारा, पण सोमवारी परत येणारा. तो कसा टिकन? आमच्या क्वार्टरच्या न्हाणीत मागच्या महिन्यात मीच साप मारला. कोणता होता, पाहायलाही थांबली नाही. अशा घरात कोण बायको-लेकरू आणते?

वैनगंगाकाठ:
ठीक, क्वार्टर आधी नीट करा. भूलतज्ज्ञाचंही पटलं, मेळघाटी, ते काम आशाचं नाही. पण गावापासून आरोग्य केंद्र वीस किलोमीटर, मध्ये नदी, आणि बाळ तीन दिवसांचं, दूध ओढत नाही. तिथं डॉक्टरची वाट पाहायची का? पावसात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचाच संपर्क तुटते, आतल्या गावांचं काय घेऊन बसलात. सुईचा हट्ट मी सोडत नाही.

मेळघाटी:
आणि टोचल्यावर बाळ दगावलं तर? गाव आशाच्याच दारात उभं राहीन. साहेब लोक जीआर दाखवून मोकळे.

रात्रपाळी:
हे मात्र खरं. म्हणून लेखी आदेश पाहिजे आणि फोनवर डॉक्टर पाहिजे. ते असन तर द्या सुई. शिकवायला मी येते, रजा तुम्ही मंजूर करून आणा.