बाथ (आमचा रवा-नारळाचा गोवन केक) मधोमध बसतो, काय चुकतंय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. काल शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) पाव घेतले, विजेचं बिल भरलं आणि डिचोलीहून कदंबा बस पकडून बाजार गाठला. नारळ, अंडी, क्रोशाचा पांढरा दोरा, आणि गरज नसताना चोरीसांव, म्हणजे गोव्याचे मसालेदार सॉसेज. (ते घरी कोणी बघायच्या आत डब्यात गेले.)

दुपारी बाथ केला. 250 ग्रॅम बारीक रवा, तेवढीच साखर, एका नारळाचं खोबरं वाटून, 4 अंडी, 125 ग्रॅम लोणी, चमचाभर बेकिंग पावडर. पीठ फक्त तासभर भिजवलं. सात इंची डबा, ओटीजी 180 वर, 45 मिनिटं. वरून सुंदर तांबूस, कडा खुटखुटीत. सुरी घातली तर मधे ओला गोळा! थंड झाल्यावर मधोमध वाटीएवढा खड्डा. सासूबाई म्हणाल्या, "पीठ रातभर ठेवायचं असतं गो." पण या पावसाळी हवेत अंडी घातलेलं पीठ बाहेर ठेवायला धीर होत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तर रवा तितकाच फुगतो का? की खोबरं वाटताना मी घातलेलं अर्धी वाटी पाणी नडलं? तापमान 160 करून वेळ वाढवू?

बाथ भाजेपर्यंत रुमालाला क्रोशाची लेस विणत होते, तीही कोपऱ्यावर गोळा होते. कोपऱ्याच्या एकाच भोकात तीन खांब (उभे टाके) घालते, कमी पडतात का?

रविवारी पाहुणे आहेत, स्वतः करून पाहिलेलंच सांगा.