मदत हवी आहे: फुप्फुसात गुठळी, विरघळवायचं इंजेक्शन का देत नाहीत?

माडबाग:
बाबा (66) कणकवलीत आयसीयूत आहेत. सीटीत फुप्फुसात गुठळी निघाली. सकाळ-संध्याकाळ पोटात एक इंजेक्शन टोचतात, बस्स. शेजारच्या काकांना हार्ट अटॅकला गुठळी विरघळवायचं दिलं, चौथ्या दिवशी घरी. यांना का नाही? गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवू का? लवकर सांगा.

लाल_माती:
बीपी? टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी)? ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी)?

माडबाग:
बीपी 110/70. इकोत हृदयाचा उजवा कप्पा किंचित मोठा. बाकी माहीत नाही.

घाटमाथा:
विचारत बसू नका, फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठा. सासऱ्यांना तेच विरघळवायचं इंजेक्शन दिलं म्हणून वाचले.

लाल_माती:
त्यांचं बीपी किती होतं?

घाटमाथा:
80च्या खाली. शुद्धच नव्हती.

लाल_माती:
मग ती केसच वेगळी. बीपी टिकून असेल तर आधी रक्त पातळच करतात, पोटातलं इंजेक्शन त्याचंच. नवी गुठळी धरत नाही, जुनी शरीर हळूहळू विरघळवतं. 2014च्या पेइथो चाचणीत बीपी ठीक पण हृदयावर ताण अशा हजारभर रुग्णांपैकी निम्म्यांना टेनेक्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवायचं औषध, दिलं. तब्येत ढासळणं कमी झालं, पण मोठे रक्तस्राव आणि पक्षाघात वाढले. माडबाग, एवढ्यात ऑपरेशन वगैरे?

माडबाग:
हो, आंबे काढताना पडले, मांडीत रॉड घातलाय. 12 दिवस झाले. त्याचा काय संबंध?

लाल_माती:
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! ताज्या ऑपरेशनवर ते विरघळवायचं इंजेक्शन म्हणजे मांडीतच रक्त साचायचं. पाय सुजला होता? गुठळी बहुतेक वेळा पायातूनच वर जाते.

माडबाग:
पोटरी. बोट दाबलं की खळगा राहायचा. मुकामार समजून आंबेहळद लावत होतो.

तायखिळा:
घरी आल्यावर रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळीच. मी 15 वर्षं घेतोय. आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी) 2 ते 3, पालेभाजी रोज सारखीच.

घाटमाथा:
आणि रक्त तपासायला दर आठवड्याला एसटी? त्यापेक्षा रिव्हारॉक्साबॅनची गोळी बरी. 21 दिवस दिवसातून दोनदा, मग एकदा, जेवणासोबत.

लाल_माती:
क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून डॉक्टर ठरवतील. किमान 3 महिने, मधेच बंद नाही.

वेंगुर्लेकर:
लसणीचो रस देवा, आमच्या तात्यांका गुण इलो.

लाल_माती:
रक्त पातळ करायच्या औषधावर लसणीचा रस? कृपा करून नको.

माडबाग:
आत्ता डॉक्टरांशी बोललो. तेही रॉडचंच म्हणाले. बीपी उतरलं तर कॅथेटरने गुठळी काढतात तिथे हलवायचं, अँब्युलन्स सांगून ठेवलीय.

वेंगुर्लेकर:
अवांतर: रवलेलो आंबो कोण उतरवता?