फाउंटन की हुतात्मा चौक? तुमच्या घरात काय म्हणतात?

परवा भाचीला म्हटलं, "पाचला फाउंटनला भेट." ती कुठल्याशा मॉलमधल्या कारंज्यापाशी ताटकळत उभी! तेव्हा सांगा, फोर्टातल्या या चौकाला तुम्ही काय म्हणता?

(गिरगाव) २१ नोव्हेंबर १९५५ला इथे गोळीबार झाला, त्या मोर्चात वडील होते. रात्री घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून, असं आई सांगायची. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ जण गेले, त्यांच्यावरून चौकाला नाव पडलं. आम्ही पोरं चुकून 'फाउंटन' म्हणालो की वडील ओरडत नसत, नुसते बघत. ते बघणंच पुरे व्हायचं.

(डोंबिवली) २८ वर्षं फोर्टात नोकरी केली. बसच्या पाटीवर हुतात्मा चौक, कंडक्टरच्या तोंडी "चला, फाउंटनवाले!" आम्ही पाटी वाचून चढायचो आणि हाक ऐकून उतरायचो. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांपायी कितीदा गाडी चुकवली, ते बायकोला विचारा.

(दादर) टॅक्सीवाल्याला हुतात्मा चौक सांगितलं. "वो किधर?" फ्लोरा फाउंटन म्हटल्यावर मीटर पडला. राग कुणावर काढायचा?

(माहीम) गंमत बघा. १८६४चं हे कारंजं खरं तर राणीच्या बागेत बसायचं होतं. ते आलं किल्ल्याच्या चर्चगेटच्या जागी. तट पाडले, दरवाजाही गेला, त्याचं नाव मात्र स्टेशनला राहिलं. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. आणि १९६५मध्ये काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, इथून जवळच्याच चौकातून उचलून नेला कुठे? राणीच्या बागेत! घोडा गेला तरी 'काळा घोडा' हे नाव तिथेच. नवा, बिनस्वाराचा घोडा २०१७मध्ये आला.

(ठाणे) २०१९मध्ये कारंजं दुरुस्त झाल्यावर मुलाला घेऊन गेले. रंगाचे थर काढलेले, आतला दगड दिसत होता. मी लहानपणापासून पांढरीफटक बाई पाहिलेली, मला आधी ओळखूच येईना. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. ते कोण, कशासाठी, हे मुलाला नीट सांगितलं. मग त्याने वर बोट दाखवलं, "आणि या बाई?" म्हटलं, "त्या... आधीपासूनच्या." माहीमकर, तुमचं आज वाचलं. आता घरी जाऊन सांगते.